मास्तरांच्या शिबिराशी शेतकऱ्याचा काय संबंध?



यंदाच्या मे महिन्यात तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांचे तीन दिवसांचे उन्हाळी शिबिर झाले. कनिष्ठ महाविद्यालयाचे आणि हायस्कुलात विज्ञान शिकवणारे मिळून चाळीसेक शिक्षक होते. मंत्री आले नाहीत, फीत कापली नाही, त्यामुळे बातमीही कुठे आली नाही. बाहेर ऊन मी म्हणत होते, आत दोन पंखे चालू आणि दोन बंद. अशा शिबिराबद्दल शेतीच्या पानावर लिहायचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की त्या तीन दिवसांत जे पाहिले ते शेतकऱ्याच्या खिशाशी संबंधित आहे, आणि त्यात माझ्या दहा-बारा वर्षांच्या नोकरीतली एक चूकही मला सापडली. ती कबूल केल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे.

मी कृषी खात्यात विस्ताराचे काम करतो. शिक्षण कृषी पदविका. आमच्या मंडळातल्या एका शाळेच्या बाईंनी निरोप धाडला, "साहेब, शिबिरात शेतीतले रसायनशास्त्र यावर तासभर बोलाल का?" मी हो म्हटले. मनात हिशेब असा की सकाळी जायचे, तासभर बोलायचे, चहा घ्यायचा आणि दुपारी दुसऱ्या गावाला पंचनाम्याला पळायचे. सरकारी शिबिरांची आपल्या सगळ्यांनाच सवय आहे. सही करायची, फोटो काढायचा, समोसा खायचा, मोकळे व्हायचे. आमच्या खात्याची शिबिरे काही वेगळी नसतात, उगाच दुसऱ्याला नावे कशाला ठेवा.

पण तसे झाले नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तो संध्याकाळपर्यंत बसलो आणि तिसऱ्या दिवशी न बोलावता पुन्हा गेलो.

माझे भाषण कसे पडले

मी नेहमीप्रमाणे जमीन आरोग्य पत्रिका पडद्यावर दाखवली. ही योजना 2015 च्या फेब्रुवारीत राजस्थानातल्या सुरतगड येथून सुरू झाली. पत्रिकेवर बारा गोष्टी असतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक हे चार. जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन ही पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. शिवाय सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मी एकेक आकडा वाचत गेलो. सामू 8.4, सेंद्रिय कर्ब 0.38, लोह कमी, जस्त कमी. त्यापुढे शिफारस वाचली आणि थांबलो.

मागच्या बाकावरच्या एका बाईंनी हात वर केला. "साहेब, हा 8.4 शेतकऱ्याला दिसतो कसा?"

मी म्हटले, पत्रिकेवर छापलेला असतो ना.

त्या म्हणाल्या, "छापलेला आहे, पण दिसतो का? आमच्या पोरांनाही आम्ही फळ्यावर समीकरण लिहून देतो. ते पाठ करतात, पेपरात लिहितात. विचारलं की बाळा यात नक्की झालं काय, तर गप्प. तुमच्या शेतकऱ्याचंही तसंच होत असेल का?"

मला उत्तर सुचले नाही. कारण उत्तर मला ठाऊक होते. आमच्या मंडळात एक तात्या आहेत. दीड एकर ऊस. मी स्वतः त्यांच्या हातात पत्रिका दिली होती. ती त्यांनी घरात देवाच्या तसबिरीमागे जपून ठेवली आहे. इतकी जपून की पुन्हा काढून पाहिलीच नाही. त्यांच्या खोडव्याला दरवर्षी केवडा पडतो. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पत्रिकेत लोह कमी लिहिले आहे म्हणून मी सांगितले, हिराकस टाका. तात्यांनी दोन वर्षे पैसे मोजून हिराकस आणले आणि सरीत नुसते फेकले. ऊस पिवळा तो पिवळाच. तिसऱ्या वर्षी ते मला काही बोलले नाहीत. फक्त हिराकस आणायचे बंद केले. बंधूंनो, शेतकरी भांडला तर बरे असते. तो गप्प झाला म्हणजे समजावे की आपल्यावरचा त्याचा विश्वास उडाला.

रसायनशास्त्राचे तीन मजले

जेवणानंतरच्या सत्रात एका प्राध्यापकांनी एक गोष्ट सांगितली ती मी वहीत लिहून घेतली. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठाचे अॅलेक्स जॉनस्टन यांनी 1991 साली एक लेख लिहिला. विज्ञान शिकायला अवघड का जाते, हा त्याचा विषय. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की रसायनशास्त्राला तीन अंगे आहेत. एक डोळ्यांना दिसणारे, म्हणजे रंग बदलला, फेस आला, साका खाली बसला. दुसरे न दिसणारे, म्हणजे आत कणांचे काय चालले आहे ते. तिसरे चिन्हांचे, म्हणजे सूत्रे, समीकरणे आणि आकडे. शिकवणारा तिन्हींत सहज फिरतो, कारण त्याला ती वाट पाठ असते. शिकणाऱ्याला मात्र एकदम तिन्ही पेलत नाहीत. प्राध्यापक म्हणाले, तीन मजली घर समजा. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला आपण एकदम तिसऱ्या मजल्यावर नेऊन सोडतो आणि म्हणतो, बघा कसे छान आहे.

ऐकताना मला तात्यांच्या तसबिरीमागची पत्रिका आठवली. ती म्हणजे नुसता तिसरा मजला. बारा आकडे, त्यांचे एकक आणि शिफारस. मी शेतकऱ्याला जिना कधी दाखवलाच नाही.

मग प्रयोग सुरू झाले. बाईंनी दोन पेल्यांत हिराकसाचे फिकट हिरवे पाणी घेतले. एक पेला तसाच ठेवला. दुसऱ्यात चुन्याची निवळी ओतली. लगेच मळकट हिरवा साका तयार झाला आणि बघता बघता वरच्या बाजूने तांबूस व्हायला लागला. बाई म्हणाल्या, "पाण्यात विरघळलेलं लोह होतं. चुन्यामुळं ते साक्यात अडकलं आणि हवेनं गंजलं. आता हे पाण्यात उतरत नाही." पेला हातात घेऊन मी बराच वेळ पाहत राहिलो. तात्यांनी दोन वर्षे सरीत टाकलेल्या हिराकसाचे काय झाले, ते त्या पेल्यात होते.

पण तात्यांच्या जमिनीत एवढा चुना आहे हे कळायचे कसे? पत्रिकेतल्या बारा गोष्टींत मुक्त चुना नाही. सामू 8.4 पाहून जाणकाराला शंका यावी, आणि ती मला यायला हवी होती. पण खात्री करण्याचा सोपा उपाय बाईंच्या टेबलावरच होता. शिक्षकांना आपापल्या गावची मूठभर माती आणायला सांगितले होते. प्रत्येक मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकायचे. काही माती गप्प राहिली. काहीत बारीक बुडबुडे आले. आमच्या मंडळातल्या शाळेच्या मातीवर थेंब पडला आणि ती सोड्यासारखी फसफसली. चुनखडीवर आम्ल पडले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, त्याचा तो फेस.

आता गंमत बघा. हा प्रयोग माध्यमिक शाळेतल्या पुस्तकातला आहे. तात्यांचा नातू ज्या शाळेत शिकतो तिथले सर माझ्या शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "अठरा वर्षं मी हा प्रयोग दाखवतोय. संगमरवराचे तुकडे बाहेरून विकत आणतो. शाळेच्या कुंपणापलीकडे चुनखडीची जमीन आहे, हे डोक्यातच आलं नाही." मी म्हटले, सर, तुम्ही अठरा वर्षे फेस दाखवलात पण शेत दाखवले नाही. मी दहा वर्षे शेतात चुनखड आहे चुनखड आहे म्हणत फिरतो, पण फेस कधी दाखवला नाही. दोघांकडे अर्धी-अर्धी भाकरी होती आणि मधे उपाशी राहिला तो तात्या.

पुस्तकातले शेतात आणि शेतातले पुस्तकात

उरलेल्या दीड दिवसात अशी आणखी बरीच जोडकामे निघाली. चार-पाच इथे देतो, वाचकांच्या उपयोगाची आहेत.

युरियाच्या पोत्यावर 46 टक्के नत्र लिहिलेले असते. हे 46 आले कुठून? फळ्यावर हिशेब मांडला. युरियाच्या एका रेणूत कार्बनचे 12, ऑक्सिजनचे 16, हायड्रोजनचे 4 आणि नत्राचे 28 असे मिळून 60 भार. साठात अठ्ठावीस म्हणजे शेकडा 46 आणि वर थोडे. पोते आता 45 किलोचे आहे, म्हणजे एका पोत्यात नत्र 20 किलो 700 ग्रॅम. बाकीचे वजन नत्राचे नव्हे. डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यात नत्र 9 किलो आणि स्फुरद 23 किलो. अकरावीच्या पोराला हा हिशेब येतो. त्याच पोराच्या घरी बाप दुकानदाराला विचारतो, किती पोती टाकू? दुकानदार बोटे दाखवतो. घरात हिशेब करणारा असताना असे का व्हावे?

बोर्डो मिश्रण द्राक्षवाल्यांना, डाळिंबवाल्यांना आणि पानमळेवाल्यांना नवे नाही. एक टक्क्याचे करायचे तर एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. फ्रान्समध्ये बोर्डो भागात मिलार्डे नावाच्या शास्त्रज्ञाने 1885 साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. मिश्रण बरोबर झाले की नाही हे जुने बागायतदार लोखंडी खिळा किंवा कोयता बुडवून पाहतात. लालसर थर चढला तर मोरचूद मोकळा राहिला आहे, चुना कमी पडला. अजून निवळी घालायची, नाहीतर पाने करपतात. शाळेत मोरचुदाच्या निळ्या पाण्यात खिळा टाकून त्यावर तांबे चढते ते दाखवतात, तोच हा प्रयोग. पोर त्याला विस्थापन अभिक्रिया म्हणते, आजोबा चुन्याची परीक्षा म्हणतात. दोघांनी कधी एकमेकांना सांगितलेले नसते.

ठिबकच्या नळ्या चोंदण्याची तक्रार तर रोजची आहे. एका पेल्यात कॅल्शियम नायट्रेटचे पाणी, दुसऱ्यात अमोनियम सल्फेटचे. दोन्ही स्वच्छ. एकत्र ओतले की पांढरा गढूळ साका. तो जिप्सम. एकाच टाकीत दोन्ही खते टाकणाऱ्याच्या ड्रिपरमध्ये हेच जाऊन बसते. कॅल्शियमचे खत सल्फेटबरोबर किंवा फॉस्फेटबरोबर एका टाकीत टाकू नये, हे वाक्य मी शंभर वेळा सांगितले असेल. पेला एकदाही दाखवला नव्हता.

ठिबकला आम्लाची प्रक्रिया करताना पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. हा प्रयोगशाळेचा पहिला नियम. आम्लात पाणी पडले की उष्णता एकदम निघते आणि आम्ल अंगावर उडते. विद्यार्थ्याला हा नियम तोंडपाठ असतो. पण शेतात प्रक्रिया करणारा त्याचा बाप किंवा चुलता असतो, त्याला कोण सांगणार?

हळद आणि चुना एकत्र आले की लाल होते. आपल्याकडे कुंकू असेच करतात. आम्लारी ओळखायची ही खूण घरोघरी आहे. जास्वंदीच्या फुलाचे पाणीही आम्लात लाल आणि आम्लारीत हिरवट होते. शिक्षकांनी औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांतल्या खळग्यांत थेंब-थेंब टाकून हे प्रयोग केले. जिथे परीक्षानळीभर आम्ल लागायचे तिथे चार थेंबांत काम झाले. खर्च कमी, धोका कमी, आणि प्रत्येक पोराच्या हाताला काम. ज्या शाळेत रसायनांना पैसे नाहीत तिथे हा मार्ग चांगला आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जास्वंदीने सामूचा आकडा कळत नाही आणि फेस पाहून चुन्याची टक्केवारी कळत नाही. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे माती परीक्षण केंद्र नव्हे. सेंद्रिय कर्ब, स्फुरद आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये यांची तपासणी प्रयोगशाळेतच व्हायला हवी. शाळेचे काम एवढेच की आलेल्या आकड्याचा अर्थ गावात उलगडून सांगणारे कोणी तरी असावे. उदाहरणार्थ, सामू 7.4 वरून 8.4 झाला तर फरक एकाचा दिसतो, पण तो मोजमापाचा प्रकारच असा आहे की प्रत्यक्षात तो दहापट असतो. हे मी पदविकेला शिकलो होतो. शेतकऱ्याला सांगायचे विसरलो होतो.

आणखी एक विषय निघाला तेव्हा सभागृह शांत झाले. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. हिरवा आहे म्हणून निर्धास्त राहावे असे नाही. एक शिक्षक म्हणाले, "आम्ही वर्गात आवर्त सारणीचे रंग शिकवतो, पण या चार रंगांवर कधी पाच मिनिटं दिली नाहीत." कापूस पिकवणाऱ्या गावातल्या वर्गात ती पाच मिनिटे द्यायलाच हवीत.

शिक्षकांची बाजूही ऐका

सुट्टीतले शिबिर म्हटले की गावात लोक म्हणतात, मास्तरांना काय, बारा महिने सुट्टीच. ही बोली बरोबर नाही. निवडणुकीचे काम, गणनेचे काम, ऑनलाइन माहिती भरायचे काम, हे सगळे त्यांच्यामागे असते. एका हायस्कुलात प्रयोगशाळेचे कपाट आहे, पण किल्ली कोणाकडे ते ठाऊक नाही. दुसरीकडे बाटल्यांवरची कागदे उंदरांनी खाल्ली, आत काय आहे ते कळत नाही. एका बाईंनी सांगितले की वर्षाला रसायनांसाठी मिळणाऱ्या पैशांत पुरेशा काचनळ्याही येत नाहीत. आणि काही शिबिरे नुसती हजेरी भरून घेण्यासाठी असतात, हेही त्यांनीच सांगितले. तीन दिवस कोणी तरी पडद्यावरचे वाचून दाखवतो आणि ते बसून ऐकतात. अशा शिबिरातून शिक्षक रिकामा परत येतो आणि पुढच्या वेळी टाळतो. त्यात त्याची चूक किती?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास आपल्या कामाचे नवे शिक्षण घ्यावे असे म्हटले आहे. तास मोजणे सोपे आहे. त्या तासांत काय शिकले हे कोणी विचारत नाही, आणि शिकलेले गावात उतरले का, हे तर कोणीच नाही. आपल्याच राज्यात मुंबईला मानखुर्दजवळ होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र 1974 पासून विज्ञान कसे शिकवावे यावर काम करते. अमेरिकेत तिथल्या केमिकल सोसायटीचा शिक्षण विभाग दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांची मोठी परिषद भरवतो. तिथेही मुख्य गोष्ट हीच, की शिकवणाऱ्याने शिकवणाऱ्याला स्वतःच्या हाताने प्रयोग करून दाखवायचा. आपल्या तालुक्यातल्या शिबिरात पंखे बंद होते, पण ही मुख्य गोष्ट होती. म्हणून ते चांगले झाले.

आता करायचे काय

नुसते कौतुक करून लेख संपवला तर तोही तसबिरीमागे जाईल. म्हणून काही सूचना करतो. कोणाला जास्त वाटल्या तर माफी असावी.

पहिली सूचना आमच्याच खात्याला, म्हणजे माझ्यासारख्यांना. रब्बी निघाल्यावर खरिपाआधी, एप्रिल-मे मध्ये, आपण मातीचे नमुने घेतो. नेमके त्याच दिवसांत शिक्षकांची शिबिरे असतात. मग एक दिवस एकत्र का करू नये? तिसऱ्या दिवशी आम्ही शिक्षकांना कॉलेजशेजारच्या रानात नेले. बांध, झाडाची सावली आणि उकिरड्याची जागा सोडून नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्यायचा, कडेची माती तासायची, सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि असे करत अर्धा किलो राखायची. चाळीस शिक्षकांनी हे हाताने केले. आता ही चाळीस माणसे चाळीस गावांत नमुना कसा घ्यावा हे सांगू शकतात. आमच्या मंडळात आम्ही मोजकीच माणसे आहोत.

दुसरी शिक्षकांना. शाळा उघडली की आम्ल-आम्लारीचा धडा येईल तेव्हा संगमरवर राहू द्या, पोरांना आपापल्या शेतातली मूठभर माती आणायला सांगा. कोणाच्या रानाला फेस आला, कोणाच्या नाही, याची गावाच्या नकाशावर खूण करा. आम्ल मात्र शिक्षकांनीच पातळ करावे आणि थेंब त्यांच्या देखत पडावा. संडास धुण्याचे ॲसिड घेऊन घरी कोणी हा उद्योग करू नये.

तिसरी सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि शाळा समित्यांना. आराखडा करताना कमान, फरशी आणि दिवे यांची यादी लांबलचक असते. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी त्यात काही बसवता येईल का, हा प्रश्न ग्रामसभेत निदान विचारा तरी. नियमात बसत नसेल तर लोकवर्गणीतून चार बाटल्या, दोन डझन काचनळ्या आणि कपाटाची नवी किल्ली एवढे तरी होईल. जत्रेच्या वर्गणीत त्याचे काही कठीण नाही. आणि गावचे शिक्षक शिबिराहून आले की त्यांना ग्रामसभेत दहा मिनिटे द्या. काय शिकून आलात, आम्हाला दाखवा, असे म्हणा. विचारणारे गाव असले की शिबिरात बसणाराही कान देऊन ऐकतो.

चौथी शेतकऱ्यांना. पत्रिका तसबिरीमागून काढा. घरात नववी ते बारावीत शिकणारे पोर-पोरगी असेल तर तिला वाचायला द्या. कळले नाही तर सरांना विचार म्हणा, सरांना कळले नाही तर आम्हाला विचारा. आम्हाला कळले नाही तर आम्ही विद्यापीठात विचारू. विचारण्यात कमीपणा कुणालाच नाही. मी स्वतः पडद्यापुढे उभा राहून गप्प झालो होतो, ते वर सांगितलेच आहे.

शेवटी तात्यांचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आणि शाळेचे सर त्यांच्या रानात गेलो. नातू बरोबर होता. सरांनी बाटली काढली, नातवाने ढेकूळ फोडले, थेंब टाकला. फेस आला. मग आम्ही दोन पेले काढून हिराकस आणि चुन्याची निवळीही दाखवली. साका तांबूस होईपर्यंत तात्या उकिडवे बसून बघत होते. मी सांगितले की तुमच्या रानात हिराकस नुसते फेकून चालणार नाही, कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यावे लागेल, आणि पिवळेपण जास्त असेल तर शिफारशीप्रमाणे पातळ द्रावणाची फवारणी घ्यावी लागेल.

तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, हे दोन वर्षांआधी का नाही दाखवलं?"

मी म्हटले, "तात्या, मलाच दिसलं नव्हतं."

ते उठले, धोतर झटकले आणि नातवाला म्हणाले, "जा रे, देवामागचा तो कागद आण."

यंदा त्यांचा खोडवा हिरवा होईल का, हे आज सांगत नाही. पाऊस आहे, पाणी आहे, हुमणी आहे, उसाचे दुखणे एकट्या लोहाचे नसते. पण कागद बाहेर आला आहे. पुढच्या मे महिन्यात शिक्षकांचे शिबिर पुन्हा भरेल. तेव्हा आपल्या गावची मूठभर माती त्या टेबलावर असावी, एवढे आपण सगळ्यांनी मिळून पाहावे, ही विनंती.